मोटारीचा नकाशा, ट्रकचा दंड

ट्रक ड्रायव्हरांसाठी अ‍ॅप बनवणाऱ्या साहेबांस,

नांदेडहून नमस्कार. पत्राची सुरुवात ‘सप्रेम’नं करायची आमच्याकडे रीत आहे. या वेळी ती पाळलेली नाही, कारण प्रेम उरलेलं नाही. तुमचं आणि तुमच्या कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ज्यांनी ज्यांनी ड्रायव्हरच्या अ‍ॅपात मोटारगाडीचा नकाशा आणून बसवला आणि त्या नकाशाच्या चुकीची किंमत ट्रकच्या भाड्यातून कापली, त्या सगळ्यांनी हे पत्र आपल्यालाच आलं आहे असं समजावं.

मी ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात मुनीम आहे. बिल्टी फाडायची, ई-वे बिल काढायचं, अ‍ॅडव्हान्स द्यायचा, माल उतरल्यावर पोच घेऊन उरलेलं भाडं चुकतं करायचं, हे माझं काम. तुमचं अ‍ॅप जे कापतं ते ड्रायव्हरला तोंडानं सांगायची पाळी माझ्यावर येते. तुमच्या पडद्यावर तो लाल रंगाचा एक आकडा असतो. माझ्या टेबलापुढे रात्रभर गाडी हाकून आलेला माणूस उभा असतो आणि त्याला मी काय कारण सांगू हे तुम्ही मला कधी लिहून दिलं नाही.

आधी कन्नडच्या घाटाचं बोलू. लातूरच्या मोंढ्यातून तूरडाळ भरून गाडी धुळ्याकडे निघाली की बीड, छत्रपती संभाजीनगर, कन्नड, चाळीसगाव हा तिचा वर्षानुवर्षांचा रस्ता. कन्नड आणि चाळीसगावच्या मधे औट्रम घाट लागतो, आम्ही त्याला कन्नडचाच घाट म्हणतो. अरुंद रस्ता, पावसाळ्यात दरडी, एक गाडी बंद पडली की मागे मैलभर रांग. शेवटी प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे गेलं आणि ऑगस्ट २०२३ मध्ये या घाटातून जड वाहनांना बंदी झाली. मोटारींना मोकळीक राहिली. ट्रकनं शिऊर, नांदगावकडून वळसा घालून चाळीसगाव गाठायचं ठरलं. पेपरात छापून आलं, ड्रायव्हरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दिवसभर तोच विषय होता, धाब्या-धाब्यावर लोक एकमेकांना सांगत होते. तुमच्या अ‍ॅपापर्यंत ही बातमी आलीच नाही.

त्यानंतर आमच्या एका ड्रायव्हरनं बंदी पाळली. वळशानं गेला, माल सुखरूप पोचवला. अ‍ॅपनं त्याला वाटेतच ‘मार्ग सोडला’ म्हणून लाल संदेश पाठवला. वेळ जास्त लागला म्हणून उशिराची कपात केली. त्याचे गुण उतरवले. गुण उतरले म्हणून पुढचं चांगलं भाडं दुसऱ्या गाडीला दाखवलं. न्यायालयाचा हुकूम पाळणाऱ्या माणसाला तुम्ही एकाच फेरीत तीनदा शिक्षा केलीत. मी तुमच्या तक्रार केंद्राला फोन लावला. तिकडचा मुलगा सभ्य होता. “सर, सिस्टीम जवळचा रस्ता तोच दाखवतेय,” एवढंच तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला. त्याच्यावर माझा राग नाही, त्याच्या हातात काहीच ठेवलेलं नव्हतं. राग तुमच्यावर आहे. घाटात जाणं बेकायदा आणि न जाणं दंडनीय, अशी कोंडी ज्यानं बांधली त्याच्यावर आहे.

आता असं का झालं ते बघा. ते समजायला इंजिनिअर असावं लागत नाही.

गाडी अ‍ॅपवर चढवताना तुम्ही आमच्याकडून आरसी मागितलीत. फिटनेस, परमिट, विमा, पीयूसी, ड्रायव्हरचं लायसन्स, सगळ्यांचे फोटो मागितलेत आणि फोटो धूसर आला तर पुन्हा काढायला लावलेत. आरसीवर गाडीचं रिकामं वजन असतं, भरलेलं एकूण वजन असतं. त्याखेरीज टायर किती, लांबी किती फूट, बॉडी उघडी की बंद, हेही तुम्ही भरून घेतलंत, कारण भाडं त्यावर ठरतं. २०१८ च्या नियमानुसार दहा टायरच्या गाडीचं भरलेलं वजन २८.५ टनांपर्यंत असू शकतं, मोठ्या ट्रेलरचं ५५ टनांपर्यंत. आमची गाडी केवढी आणि किती जड, हे तुम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. भाडं ठरवताना तुम्हाला ते वजन आठवलं, कमिशन कापताना आठवलं. रस्ता शोधायची वेळ आली तेव्हा मात्र तुम्ही नकाशाला दोनच बिंदू पाठवलेत, निघायचं ठिकाण आणि पोचायचं ठिकाण. गाडी केवढी हे त्याला सांगितलंच नाहीत. त्यानं ती मोटार धरली. शिंप्यानं माप माझं घ्यावं आणि अंगरखा शेजाऱ्याच्या पोराचा शिवावा, तसं झालं हे.

गूगल मॅप्सनं डिसेंबर २०१७ मध्ये भारतात दुचाकीसाठी वेगळा पर्याय आणला. मोटारसायकल कुठल्या गल्लीतून निघू शकते आणि मोटार कुठे अडते, हा फरक त्यांना महत्त्वाचा वाटला. ट्रकसाठी तसा पर्याय त्यात नाही, आणि ही गोष्ट त्यांनी कुणापासून लपवलेली नाही. तुम्ही ती जाणून होतात. जाणूनबुजून तेच ट्रकच्या अ‍ॅपात बसवलंत आणि वर ‘खास ट्रकचालकांसाठी’ अशी पाटी लावलीत. म्हणून मी तुम्हाला कसूरवार म्हणतो. चूक होणं वेगळं. तुम्ही माहीत असून काम अर्धवट सोडलंत आणि बाकीचं अर्धं ड्रायव्हरच्या भत्त्यातून भरून काढलंत.

वेळेचा हिशोबही मोटारीचाच. केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे चौपदरी महामार्गावर मोटारीला ताशी १०० ची मर्यादा आहे आणि मालवाहू गाडीला ८० ची. वर ट्रकला वेगनियंत्रक बसवलेला असतो, ८० च्या पुढे काटा जातच नाही. तरी तुमची ‘पोचण्याची अपेक्षित वेळ’ मोटारीच्या चालीनं निघते आणि तीच वेळ तुम्ही व्यापाऱ्याला वचन म्हणून देता. मोटार वाहतूक कामगारांसाठी १९६१ मध्ये कायदा झाला. त्यात दिवसाला आठ तासांची मर्यादा लिहिली होती, मधल्या विश्रांतीचं लिहिलं होतं. तुमच्या वेळेत ड्रायव्हरच्या जेवणाचा अर्धा तासही धरलेला नाही. तो जेवायला थांबला की ‘विनाकारण थांबा, कारण निवडा’ असा संदेश येतो. कारणांच्या यादीत जेवण नाही. शहराच्या पोलिसांनी अवजड गाड्यांसाठी वेळा ठरवून दिलेल्या असतात, त्यामुळे गाडी शहराबाहेर नाक्यावर उभी करावी लागते. यादीत तेही नाही.

आता आमच्या मातीचं ऐका, कारण तुमचा नकाशा ज्या ऑफिसात बसून तपासला गेला तिथे ती नसणार.

नांदेड, लातूर, हिंगोली, परभणी हा काळ्या मातीचा पट्टा. उन्हाळ्यात या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पावसाळ्यात तीच माती फुगते आणि लोण्यासारखी मऊ होते. गावाकडे जाणारे बरेच रस्ते पंतप्रधान ग्रामसडक योजनेतून झाले, त्यांचा डांबरी पट्टा साधारण ३.७५ मीटर रुंद. ट्रकची रुंदी अडीच मीटरच्या आसपास. समोरून दुसरी गाडी आली की एकाला चाकं डांबराखाली उतरवावी लागतात. उन्हाळ्यात त्यानं काही बिघडत नाही. जुलैत भरल्या गाडीचं डावं चाक बाजूपट्टीवर गेलं की आधी ते हळूच बसतं, मग गाडी कलते, मग वरचा माल एका बाजूला सरकतो, आणि त्यानंतर ड्रायव्हरच्या हातात काही राहत नाही. क्रेन यायला दिवस जातो. सोयाबीनची पोती पाण्यात भिजतात. ओढ्यांवर जे नळकांडी पूल आहेत ते बैलगाडी, ट्रॅक्टर, एसटी यांच्या हिशोबानं बांधलेले. त्यावरून २८ टन नेताना जुना ड्रायव्हर आधी खाली उतरून पुलाची कड पाहून येतो.

तुमच्या नकाशात महामार्ग आणि हा रस्ता, दोन्ही रेघाच. लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूरला जाणाऱ्या सरळ रस्त्यावर कुठे काम चालू असलं, जरा गर्दी झाली, की नकाशातून बोलणारी बाई आतल्या गावातून ‘बारा मिनिटं लवकर’ असा रस्ता सुचवते. मोटारवाल्याची बारा मिनिटं वाचत असतीलही. गाडीवाल्याला तिथे वळायलाही जागा मिळत नाही, आणि आठ-दहा किलोमीटर मागे-मागे गाडी काढणं म्हणजे काय हे तुम्ही एकदा क्लीनरच्या जागी उभं राहून पाहा. जुने ड्रायव्हर बाईचं ऐकत नाहीत. फसतात ती नवीन पोरं, ज्यांना तुम्ही सांगितलेलं असतं की रेघ सोडली तर गुण जातील.

रेल्वेच्या खालून जाणारे बोगदे ही त्यातलीच गोष्ट. ब्रॉडगेज मार्गांवरची बिनमाणसाची फाटकं जानेवारी २०१९ पर्यंत देशभरातून संपवली गेली, ते चांगलंच झालं, माणसं मरायची थांबली. पण पुष्कळ ठिकाणी फाटकाच्या जागी कमी उंचीचा भुयारी रस्ता आला. त्याच्या तोंडाशी लोखंडी कमान असते. मोटार आत शिरते, ताडपत्री बांधून उंच भरलेली भुशाची गाडी कमानीपाशी अडकते. पावसाळ्यात त्यात कमरेएवढं पाणी असतं ते आणखी वेगळंच.

पाण्यावरून मुखेड आठवतं. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यात रात्रीत एवढा पाऊस कोसळला की लेंडी नदीच्या पाण्यानं हसनाळ, रावणगाव ही गावं वेढली, माणसं गेली, जनावरं गेली, लष्कर बोलवावं लागलं. देगलूर, उदगीर, मुखेडकडच्या रस्त्यांवर आमच्या गाड्या असतात. त्या वेळी आम्ही अ‍ॅप बघत बसलो नाही. देगलूरच्या धाब्यावर फोन केला, मुक्रामाबादकडच्या ओळखीच्या दुकानदाराला फोन केला, नरसीच्या फाट्यावर थांबलेल्या ड्रायव्हरांना विचारलं. ज्यांनी डोळ्यांनी पाणी पाहिलं होतं त्यांच्या शब्दावर आम्ही गाड्या उभ्या केल्या. नकाशाला गर्दी कळते ती रस्त्यावरच्या फोनांच्या चालीवरून. ज्या रस्त्यावर रात्री एकही फोन जात नाही, तो त्याला मोकळा वाटतो. पुलावरून पाणी वाहत असताना तो रस्ता सगळ्यात मोकळा असतो.

हे नवीन नाही आणि फक्त ट्रकचंही नाही. जानेवारी २०२१ मध्ये अकोले तालुक्यात कोतूळजवळ रात्रीच्या वेळी नकाशाच्या भरवशावर निघालेली मोटार धरणाच्या पाण्यात बुडालेल्या पुलावर गेली आणि चालक बुडून मेला. तो पूल धरण भरलं की दरवर्षी पाण्याखाली जातो, आसपासच्या गावांना ठाऊक आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेवरच्या तुटक्या पुलावरून मोटार खाली कोसळून तिघं गेले. तिथे पोलिसांनी बांधकाम खात्याच्या अभियंत्यांवर गुन्हा नोंदवला आणि नकाशा कंपनीच्या अधिकाऱ्याचीही चौकशी झाली. मोटारीला मोटारीचा नकाशा दाखवून हे घडलं. तुम्ही तोच नकाशा पंचवीस टन मालाला दाखवताय.

मग तुमच्या अटी वाचल्या. बारीक अक्षरात लिहिलंय की नकाशा फक्त मदतीसाठी आहे, रस्त्याची परिस्थिती पाहून चालकानं स्वतःच्या विवेकानं निर्णय घ्यावा. वाक्य चांगलं आहे, मला मान्य आहे. पण त्याच अटींच्या पुढच्या पानावर लिहिलंय की ठरलेल्या मार्गापासून दूर गेल्यास कपात होईल. अपघात झाला तर पहिलं पान काढायचं आणि हिशोब करताना दुसरं. ड्रायव्हरनं विवेक वापरला तर तुम्ही पैसे कापणार, नाही वापरला आणि गाडी उलटली तर म्हणणार की विवेक का वापरला नाही. हा कागद कुणा हुशार वकिलानं लिहिला असेल. ज्याच्या सहीसाठी लिहिला तो माणूस हा कागद वाचू शकत नाही, कारण तुम्ही तो फक्त इंग्रजीत ठेवलाय.

नकाशा अ‍ॅपात बसवला असं तुम्ही सगळीकडे सांगता. खरं तर तुम्ही तो नीट बसवलेलाही नाही. ‘रस्ता दाखवा’ दाबलं की दुसरंच अ‍ॅप उघडतं आणि तुमचं अ‍ॅप मागे जातं. ड्रायव्हरांकडचे फोन साधे असतात, बॅटरी वाचवायला ते मागची अ‍ॅपं आपोआप बंद करतात. तुमचं अ‍ॅप झोपलं की लोकेशन तुटतं. लोकेशन तुटलं की तुम्ही ‘चालकानं ट्रॅकिंग बंद केलं’ असं लिहून कपात करता. माहूर, किनवटच्या जंगलात तर सिग्नलच नसतो, तिथे ही कपात ठरलेलीच. आणि गमावलेलं लोकेशन परत आलं की सुरू होतो दुसरा गोंधळ: तुमच्या ऑफिसातला ठरलेला मार्ग एका हिशोबानं काढलेला, ड्रायव्हरला बाई सांगते तो मार्ग दुसऱ्याच हिशोबानं. कित्येकदा माणूस बाईचं अक्षरशः ऐकत गेला तरी तुमच्या पडद्यावर त्यानं मार्ग सोडलेला असतो. रस्ता एकाचा, परीक्षा दुसऱ्याची. या परीक्षेत पास व्हायचा मार्ग कोणता ते मी तीन वेगवेगळ्या माणसांना विचारलं, तिघंही तुमचीच माणसं होती, कुणालाच सांगता आलं नाही.

त्यातच चालत्या गाडीत नकाशावर संदेश येऊन बसतात. ‘नवीन भाडं उपलब्ध, तीस सेकंदात स्वीकारा.’ ‘थांबण्याचं कारण निवडा.’ ‘आजचा सुरक्षा व्हिडिओ पाहिला का?’ १ ऑक्टोबर २०२० पासून नियम असा आहे की गाडी चालवताना हातातला फोन फक्त रस्ता पाहण्यापुरता वापरावा, तोही चालकाचं लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीनं. पोलिसानं पकडलं तर पावती ड्रायव्हरच्या नावानं फाटते. तीस सेकंदांचं घड्याळ लावणारा मात्र वातानुकूलित खोलीत सुरक्षित असतो.

पत्त्यांचंही एक सांगायचं राहिलं. आमच्याकडे नरसी दोन आहेत: एक नायगाव तालुक्यातली, देगलूरच्या रस्त्यावरची, आणि दुसरी हिंगोलीची, संत नामदेवांची. शिरूर तर विचारूच नका. लातूर जिल्ह्यातच शिरूर अनंतपाळ आणि शिरूर ताजबंद, बीडला शिरूर कासार, पुण्याकडे घोडनदीचं शिरूर. बिल्टीवर मी तालुका, जिल्हा, फाटा सगळं लिहितो. तुमच्या अ‍ॅपात लिहायला एकच रकाना आहे आणि पहिलं नाव जे वर येतं तेच चिकटतं. ई-वे बिलावरचं अंतर पिन कोडवरून निघतं, तुमचं अंतर नकाशावरच्या टाचणीवरून. दोन्ही जुळत नाहीत. ई-वे बिलाला २०० किलोमीटरमागे एक दिवसाची मुदत मिळते. वळसा लांबला आणि मुदत संपली तर तपासणीत माल अडतो, आणि मुदत वाढवायला ती संपण्याआधीचे आठ आणि नंतरचे आठ तासच मिळतात. ते तास मी मध्यरात्री फोनवर घालवतो. शिवाय कृष्णूरच्या एमआयडीसीत टाचणी ऑफिसच्या दारात असते आणि माल उतरवायचं दार मागच्या रस्त्याला. ड्रायव्हर खऱ्या दारावर उभा, अ‍ॅप म्हणतं तुम्ही पोचलाच नाहीत.

लातूरच्या गंजगोलाईचं नाव सगळ्यांनी ऐकलं असेल. मधे देवीचं मंदिर, भोवती गोलाकार बाजार आणि तिथून फुटलेले सोळा रस्ते. नगररचनेचा एवढा सुंदर नमुना मराठवाड्यात दुसरा नाही असं माझं मत आहे. त्या गोलातून बारा टायरची गाडी नेणारा रस्ता सुचवणाऱ्यानं ती गोलाई कधी पाहिलेली नाही एवढं नक्की.

तुम्ही म्हणाल, ट्रकसाठी वेगळं तंत्र कुठे आहे? आहे. हियर आणि टॉमटॉम यांच्या सेवेत गाडीची उंची, लांबी, वजन, एका आसावरचा भार सांगून रस्ता मागता येतो. ओपनस्ट्रीटमॅपच्या नकाशावर चालणाऱ्या व्हल्हाला आणि ओपनरूटसर्व्हिस या खुल्या प्रणालींत अवजड वाहनाचा पर्याय आधीपासून आहे, त्याला पैसेही लागत नाहीत. कुठल्या पुलावर किती टनांची बंदी, कुठल्या बोगद्याची उंची किती, हे त्या नकाशात नोंदवायची सोय आहे. आमच्या भागातल्या नोंदी त्यात थोड्या आहेत हे खरं. पण नोंदी कुणाकडे आहेत? त्या ड्रायव्हरांकडे आहेत, ज्यांचा माग तुम्ही दिवसरात्र काढता. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५ खाली जिल्हाधिकारी एखाद्या रस्त्यावर जड वाहनांना बंदी घालतात तेव्हा तो आदेश जाहीर होतो. तो वाचून नकाशात भरायला एक माणूस नेमलात तर महाराष्ट्राच्या सगळ्या जिल्ह्यांना तो पुरेल. गुण मोजायला तुम्ही किती माणसं नेमली आहेत?

आमच्याकडे जीपीएस आलं तेच मुळी पहाऱ्यासाठी. दुष्काळात पाण्याचे टँकर फेऱ्या चोरतात म्हणून सरकारनं टँकरवर जीपीएस बसवायला लावलं. ज्या २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या दिवसांत टँकरची प्रत्येक फेरी मोजणं गरजेचंच होतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पाणी लोकांचं होतं. पण तीच सवय तुम्ही उचललीत आणि तिथेच थांबलात. गाडी कुठे आहे हे तुम्हाला मीटरपर्यंत कळतं. ती पुढे कुठे अडेल हे सांगायची वेळ आली की तुमचं यंत्र मुकं होतं. तुमच्या अ‍ॅपात एकच गोष्ट अशी आहे जी सिग्नल नसतानाही चुकत नाही, ती म्हणजे कपात.

ड्रायव्हर रस्त्याला कसा ओळखतो हे मी वर्षानुवर्षं ऐकत आलोय. समोरून येणारी गाडी दिवे मारते, काचेतून हात वर-खाली होतो, पुढे काय आहे ते त्या एका इशाऱ्यात कळतं. धाब्यावर चहा येईपर्यंत पूल, खड्डा, पोलीस, नवं काम, पाऊस, सगळ्याची देवघेव होते. भोकरकडचा ड्रायव्हर तेलंगणातल्या निर्मलपर्यंतची वाट तेलुगूत विचारतो, नांदेडचा सरदारजी पंजाबीत, उदगीरचा दख्खनीत, आणि सगळे एकमेकांचं ऐकतात. या माणसांनी दिलेली खबर तुमच्या अ‍ॅपात घालायला एक बटण लागतं: ‘रस्ता बंद.’ वेगवेगळ्या गाड्यांच्या तीन ड्रायव्हरांनी ते दाबलं तर तो रस्ता त्या वजनाच्या गाड्यांना दाखवू नये, एवढा नियम लागतो. तुमच्या अ‍ॅपात बटणं पुष्कळ आहेत, मदत, कर्ज, फास्टॅग रिचार्ज, डिझेल कार्ड, बक्षिसांची चकती. ड्रायव्हरनं तुम्हाला काही सांगावं असं एकही नाही.

म्हणून मागण्या लिहितो. आरसीवरचं वजन आणि गाडीची उंची नकाशाकडे पाठवा. तोपर्यंत मार्ग सोडल्याची कपात पूर्ण बंद ठेवा, अर्धी नको. ज्या नकाशानं रस्ता दाखवायचा त्याच नकाशानं तपासायचं, दोन हिशोब चालणार नाहीत. गाडी चालू असताना पडद्यावर रस्त्याखेरीज काहीही येऊ नये. जिल्ह्याचा नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवायची सोय द्या, म्हणजे किनवटच्या जंगलात सिग्नल गेला तरी ड्रायव्हर आंधळा होणार नाही. अटींचा कागद मराठीत, हिंदीत आणि तेलुगूत द्या, मोठ्या अक्षरात. ‘थांबण्याचं कारण’ या यादीत जेवण, झोप, नमाज, अरदास, पोलिसांची वेळ, पुलावरून पाणी हे सगळं घाला, आणि यातल्या कशालाही गुण कापू नका.

दसऱ्याच्या आगेमागे लातूरच्या आणि नांदेडच्या मोंढ्यात नवं सोयाबीन उतरायला लागेल, गाड्या कमी पडतील आणि तुम्हाला प्रत्येक गाडीची गरज लागेल. आमच्या ऑफिसातल्या मालकांनी ठरवलंय की वरच्या गोष्टी झाल्याशिवाय त्यांच्या गाड्या तुमच्या अ‍ॅपवर या हंगामात चढणार नाहीत. भाडं फोनवर ठरेल, पूर्वी ठरायचं तसं. शेजारच्या दोन ट्रान्सपोर्टवाल्यांशी बोलणं चालू आहे.

कन्नडच्या घाटाला वळसा घातल्याबद्दल ज्यांची ज्यांची रक्कम कापली त्यांची यादी सोबत जोडली आहे. बिल्टीच्या झेरॉक्स, पोचेच्या तारखा आणि तुमच्या अ‍ॅपातल्या लाल संदेशांचे फोटोही लावले आहेत. रक्कम ड्रायव्हरांच्या खात्यात जमा करावी, मालकाच्या नाही, कारण कापली ती त्यांच्या भत्त्यातून. जमा झाल्याचा संदेश मराठीत पाठवावा.

कळावे,

ट्रान्सपोर्ट ऑफिसातला मुनीम,
नांदेड